नकली पियानो आणि माझी खोटारडी बोटं

चार वाजता तो माणूस येणार होता, आणि पावणेदोनला नातीने जेवता जेवता डाव्या हाताने नव्या कीबोर्डची एक पट्टी दाबली. आवाज आलाच नाही म्हटलं तरी चालेल. लांबच्या खोलीत कोणी चमचा ठेवावा, तेवढा आला.

"आजी, हा असा का वाजतोय?"

"जेवताना काम केलं की असंच होतं," मी म्हटलं आणि पाणी आणायला आत गेले. पाणी टेबलावरच होतं.

आता सांगते काय प्रकार आहे. माझा इलेक्ट्रिक पियानो पन्नास वर्षांचा. आत पोलादाच्या बारीक काड्या आहेत. पट्टी दाबली की हातोडी काडीवर बसते. बोट हलकं असेल तर घंटेसारखा किणकिणतो, जोरात पडलं तर मांजरासारखा गुरगुरतो. हॉटेलात बावीस वर्षं मी तो वाजवला. लोक इतके नाचायचे की गावातला बूट दुरुस्तीवाला मला दर महिन्याला फुलं पाठवायचा. पियानो घरी आणायला चार हमाल लागले, त्यातला एक दोन इंच बुटका होऊन परत गेला.

तर हे धूड माझी नात कॉम्प्युटरमध्ये बसवत होती. तिच्या कंपनीचं कामच ते, जुन्या वाद्यांच्या हुबेहूब नकला करायच्या. वर्षभर ती एकेका पट्टीचा आवाज भरून घेत होती. खिडकीला गादी उभी केलेली, फ्रिज बंद, दूध नासलं तर नासलं. मला शिंकायला बाहेर जावं लागायचं.

पण आवाज भरणं सोपं हो. अवघड काय, तर तो हाताला तसाच लागणं. नवा कीबोर्ड प्लास्टिकचा, बोटाचा जोर एक ते एकशेसत्तावीस आकड्यांत मोजतो. कुठल्या आकड्याला किती गुरगुर, हे कोणीतरी वाजवून ठरवावं लागतं. नातीला पियानो मोजता येतो, वाजवता येत नाही. म्हणून ते मी ठरवलं. जुन्यावर एक तुकडा वाजवायचा, मग नव्यावर तोच, आणि सांगायचं, जमला का.

"एवढ्या जोरात?" तेव्हा तिने विचारलं होतं.

"आमच्या काळी अशीच हाणायची पट्टी. नाहीतर शेवटच्या टेबलाला ऐकू जायचं नाही." तिने ते लिहून घेतलं. ही पोरगी माझं सगळं लिहून घेते, ही तिची चूक.

येणारा माणूस स्वतः पियानो वाजवतो, कंपनीत सगळे त्याला 'कान' म्हणतात. त्याने मान हलवली तर वाद्य बाजारात, नाहीतर वर्षभराची मेहनत कपाटात. जुन्याशी ताडून बघायचं म्हणून तो आमच्याच घरी येणार होता.

नातीने ताट तसंच ठेवलं. वायर बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पट्टी दाबली, तेच चमच्याचं. दुसरी वायर. टेबलाखाली शिरली, तिथून म्हणाली, "काल तू वाजवलंस तेव्हा तर छान गुरगुरत होता."

"हवा दमट आहे आज."

"आजी, हवेचा याच्याशी काय संबंध?"

मी चहा टाकला. कोणी मागितला नव्हता. तो निवला म्हणून दुसरा टाकला. खिडकीशी गेले, परत आले, घड्याळाकडे पाहिलं, ते अडीचच दाखवत होतं. ती टेबलाखालून निघाली, केसांत जळमट, आणि वाद्याचा सगळा प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचायला लागली. चूक तिथे नव्हतीच. मला माहीत होतं कुठे आहे. माझ्या मांडीवर होती, दोन्ही हात.

"ते बंद कर," मी म्हटलं.

"थांब गं, सापडेल."

"नाही सापडणार. माझ्या बोटांना टोकाशी काही कळत नाही. दोन वर्षं झाली. पट्टी लागली की नाही ते समजत नाही, म्हणून मी हाणते. आणि नवा त्या हाणण्यावरच बेतलाय."

ती वळली. "आणि ते 'आमच्या काळी अशीच हाणायची'?"

"आमच्या काळी मी पिसासारखं वाजवायचे."

तिने केसांतलं जळमट काढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आईला माहितीये?"

"कोणालाच नाही. कळलं तर मला शेगडीजवळ तरी जाऊ द्याल का तुम्ही?"

"अजून काय काय खोटं सांगितलंयस? ते बूटवाल्याचं?"

"बूटवाल्याचं खरं आहे."

तिने तोंड फिरवलं. हसली की रडली, पाठीवरून कळलं नाही. मग खुर्ची ओढून जुन्या पियानोसमोर बसली. "तुझे कान तरी शाबूत आहेत ना? खरं सांग."

"डावा थोडा... नाही, दोन्ही शाबूत आहेत."

"मग पाठ करून बस. बोटं माझी, कान तुझे. आधी जुन्यावर दाबते, मग नव्यावर. सारखं झालं की सांग."

खालच्या सुरांपासून वर जात दर सहावी पट्टी घ्यायची ठरली, तेरा पट्ट्या; मधल्या कॉम्प्युटर जुळवणार. मी भिंतीकडे तोंड करून बसले. ती दाबायची, मी म्हणायचे, "नवा लाजतोय." ती आकडा बदलायची. "आता भांडायला उठला. थोडा कमी. हं, हा." पाठीमागून तिचा पाय जमिनीवर सारखा टकटक करत होता. "पाय आवर," मी म्हटलं. "तू आधी मान हलवू नकोस," ती म्हणाली.

नववी पट्टी झाली आणि बेल वाजली. तो पाच मिनिटं आधीच आला.

उंच माणूस, आवाज बारीक. पाणीही न घेता बसला. आधी जुना वाजवला, मग नवा. बोटं इतकी हलकी की मला हेवा वाटला. खालचे सूर वाजवताना डोळे मिटले. वर गेला तसे उघडले.

"वरचा मेलेला आहे," तो म्हणाला.

"वायर जरा..." नातीने सुरुवात केली.

"वायर नाही," मी म्हटलं. "माझी बोटं बधिर आहेत, ती मी लपवली, त्यामुळे सगळंच चुकलं होतं. खालचं हिने आत्ता तासाभरात पुन्हा बसवलं. वरच्या चार पट्ट्या राहिल्यात." एवढं थोडक्यात मी आयुष्यात बोलले नव्हते. पुढे काहीतरी जोडावंसं वाटत होतं, जीभ दातांखाली धरली.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग नातीकडे. "खालचं चांगलं आहे. पण अर्ध्या वाद्याला मी होकार देत नाही." घड्याळ पाहिलं. "सहाला मला निघायचंय. तोपर्यंत बसतो. पण मध्ये मला काही विचारायचं नाही."

तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. नातीने खुर्ची पुढे ओढली.

"उद्या डॉक्टरकडे," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "आणि तिथे मी बोलणार. तू गप्प."

"आधी दहावी दाब."

तिने दाबली. जुनी किणकिणली, नवी उशिरा दचकली.

"हळू," मी भिंतीला म्हटलं. "अजून हळू."