विषारी ठरवलेली बुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी बुट्टी आहे, बांबूची टोपली, आणि मी विषारी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एके काळी अख्ख्या गावाने मला तसं ठरवलं होतं.

शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगरात आमचं गाव. आज तो भाग सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा साताऱ्यात होता. बुरडाने ओला कळक तासून मला विणलं आणि राहीबाईने मला घेतलं ते रानासाठीच. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. घरात ती एकटीच.

श्रावणात वारुळांवर अळंबी उगवली, की राहीबाई मला डोक्यावर घेऊन निघायची. मागे गल्लीतल्या पोरी असायच्या. वाटेत ती त्यांना तेरडा दाखवायची, सोनकी दाखवायची. झुडपावर चढलेली लालपिवळी कळलावी दिसली की सगळ्या पोरी तिकडे धावायच्या.

"फूल गौरीला न्या. पर गड्डा तोंडात घातला तर जीव जाईल," ती म्हणायची. "देखणं म्हंजी खायचं न्हाई."

अळंबी तिने कधी वरून तोडली नाही. काठीने माती उकरून ती पार बुडापर्यंत बघायची. वारुळावरच्या अळंबीचा देठ लांब शेपटीसारखा आत खोल गेलेला असतो. जरा शंका आली की टाकून द्यायची, मग पोटात कितीही भूक असो.

१९४३ साली लढाईमुळे धान्य मिळेना. त्या श्रावणात राहीबाई तापाने अंथरुणाला खिळली, म्हणून शेजारची धोंडुबाई मला मागून घेऊन गेली. ओढ्याकाठी तिला अळंबीच्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या दिसल्या. तिने त्या विळ्याने वरच्या वर कापल्या. विष असलं तर चांदी काळी पडते, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून शिजवताना भांड्यात चांदीचा रुपया टाकला. रुपया काळा पडला नाही, तेव्हा ती निर्धास्त झाली. कालवण थोडंच होतं, ते तिने सगळं सासऱ्याच्या, आकारामबाबांच्या, ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी आकारामबाबांना उलट्याजुलाब सुरू झाले. मधे एक दिवस बरं वाटलं. मग डोळे पिवळे झाले, आणि ते गेले.

गाव हादरलं. पाटील हंबीररावांनी चावडीपुढं फर्मान काढलं, "आजपास्नं रानातलं कायबी आणायचं न्हाई. आन् ती बुट्टी जाळून टाका. इख हाय तिच्यात."

राहीबाई तापातून नुकतीच उठली होती. ती धोंडुबाईकडे आली आणि कोपऱ्यात पडलेल्या मला तिने उचललं. धोंडुबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"धोंडे, ऊठ. कुठनं काढलीस, मला दाव."

ओढ्याकाठी कापलेले देठ कुजून गेले होते, पण शेजारीच नव्या छत्र्या वर आल्या होत्या. राहीबाईने काठीने माती उकरली. देठाच्या बुडाशी, फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखी पांढरी वाटी होती.

"ही वाटी म्हंजी इखाची खूण. तू वरनं कापलीस. ही वाटी मातीतच ऱ्हायली."

धोंडुबाईने खाली बसून ती वाटी चाचपली. "आक्का, रुपाया पांढराच व्हता की गं!"

"रुपायाला काय कळतंय त्यातलं?"

धोंडुबाई पोटभर रडली. मग उठली, ती छत्री वाटीसकट पानात गुंडाळून हातात घेतली आणि मला डोक्यावर ठेवून थेट चावडीकडे निघाली. तिथे जाळ पेटवलेला होता. एक गडी मला ओढायला पुढे आला. तिने मला घट्ट धरलं.

"मेला त्यो माजा सासरा," ती म्हणाली. "जाळायची का न्हाई ते मी ठरवीन. उद्या मी हीच बुट्टी घिऊन रानात जाणार, आन् पोरीस्नी ही वाटी दावणार."

"आन् परत कोण मेलं तर?" पाटलांनी विचारलं.

उत्तर राहीबाईने दिलं. "आवं पाटील, भुकेलं माणूस तुमची बंदी मोडून चोरून जाणारच. चोरून गेल्यालीला ही वाटी कोण दावणार?"

पाटलांनी त्या गड्याला मागे बोलावलं. त्यांनी बंदी उठवली नाही, बायकांनी ती पाळली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही भर उन्हात, चावडीवरूनच, रानात गेलो.

मित्रांनो, आता माझी वीण उसवली आहे. मी माळ्यावर धूळ खात पडले आहे. मला टाकून दिलंत तरी बुरूड नवी बुट्टी विणून देईल. पण रानाची ओळख टाकून देऊ नका. अनोळखी छत्री कधी तोंडात घालू नका, जाणत्या माणसाचं बोट धरून आधी शिका. आणि कुणी भीती घालून रानाकडे पाठ फिरवायला सांगितलं, तर त्याचं मुळीच ऐकू नका.

धोंडुबाईने पुढे आयुष्यभर अळंबीचा घास घेतला नाही. पण गावात नवी सून आली, की पहिल्याच श्रावणात तिच्या हातात काठी देऊन म्हणायची, "हं, उकर. बुडापातुर बघ."