संथ डुलणारी लाँच

मनमोहन कीर्तिकरांनी ज्या पत्राला कधी उत्तर दिलं नाही, ते एक साधं पोस्टकार्ड होतं.

‘साहेब, मालकानं लाँचवर लाकडी माळा चढवलाय. बर्फाच्या पेट्या आता वरच. पूर्वी लाँच हिसके द्यायची, आता पाळण्यासारखी संथ डुलते. सगळे खूश. मला मात्र बरं वाटत नाही. तुमचं पुस्तक काय म्हणतं? – जयवंत.’

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा गिरणी कामगार जयवंत लालबागच्या वाचनालयात दिवसभर बसायचा. वर्तमानपत्रं संपली की ग्रंथपाल मनमोहनांच्या टेबलावरच्या जहाजांच्या पुस्तकात डोकावायचा. पुढे गिरणी उघडलीच नाही. तो वेंगुर्ल्याला गावी गेला, मासेमारीच्या लाँचवर लागला आणि चार वर्षांत सुकाणू धरू लागला.

उत्तर मनमोहनांना ठाऊक होतं. वजन वर गेलं की गुरुत्वमध्य वर सरकतो. मग कललेल्या लाँचचा सरळ होण्याचा जोर कमी पडतो, ती सावकाश परतते. तो संथपणाच वाईट. पण जन्मात बोटीवर पाय न ठेवलेल्या माणसानं दर्यावरच्यांना शिकवायचं? पुन्हा एकदा वाचून लिहू, म्हणत त्यांनी कार्ड पुस्तकात ठेवलं. महिन्याभरात लाँच उलटली. जयवंतसकट तिघं गेले.

नऊ वर्षांनी, लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडणारी एक बाई उठून उभी राहिली.

“ओळखलंत साहेब? मी सुभद्रा. वाचनालयात यायचे ना, त्यांची.”

“हो, हो.”

“घोडपदेवलाच असते अजून. पोरीचं लग्न गावाकडं जमत होतं, मोडलं. मुलाची आते म्हणाली, गिरणीवाल्यानं सुकाणू धरलं नि माणसं बुडवली.” तिनं हात पदराला पुसले. “आता मलाही वाटतं, चुकलेच असतील.”

सोबत आलेल्या नलूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, बोला की काहीतरी.”

“मिरची,” मनमोहन म्हणाले, “जरा जाडसर दळा.”

गिरगावात घरी परतल्यावर त्यांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: ‘प्रिय जयवंत, तुमची शंका बरोबर होती. दोष लाँचवर वर चढवलेल्या वजनाचा होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी कळवलं नाही.’ खाली सही करून स्वतःचा पूर्ण पत्ता घातला, कुणाला विचारायला यायचं असेल तर. जयवंतचं कार्डही सोबत ठेवलं. पाकिटावर नाव घातलं सुभद्राचं.

“हाती नेऊन द्या ना,” नलूताई म्हणाल्या. “घोडपदेव काय लांब आहे?”

“तोंडातून परत मिरचीच येईल.”

नाक्यावरच्या टपालपेटीत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग पाकीट आत पडल्याचा आवाज आला.