न दाखवलेलं बळ

वनस्पतिशास्त्राच्या सरांना मुलं पाठीमागे 'चाळणी' म्हणत. कुणाच्या बोलण्यातला, लिहिण्यातला खडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सरांना त्याचा अभिमानच होता!

मुलांच्या जमेच्या बाजू ओळखायच्या आणि त्यांच्या आधारानं संवाद, आत्मविश्वास, मिळूनमिसळून काम करणं शिकवायचं, असा तास विद्यापीठाच्या समुपदेशक बाईंनी सुरू केला, तेव्हा सर हसले होते. "शाबासकीनं कुणी शहाणं होतं का?" आपल्या वर्गाला त्यांनी पाठवलंच नाही.

त्याच सत्रात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी फळ्यापुढे बोलताना अडखळली.

"तोंडात मिठाची गुळणी धरली आहेस का?" सर म्हणाले. वर्ग खो-खो हसला. त्या दिवसानंतर ती वर्गात आलीच नाही.

दोन महिन्यांनी तिचे वडील दाखला न्यायला आले. शिंपी होते. "धाकटीला रोज शिकवायची हो, सर. पान श्वास कसं घेतं, ते ऐकून ऐकून मलासुद्धा कळलं. आता घरातही बोलत नाही."

सरांनी तिची प्रयोगवही काढली. आकृत्या इतक्या नेमक्या, की पुस्तकात छापाव्यात! सरांनी मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांना तेवढे गोल केले होते.

वही घेऊन ते बाईंकडे गेले. "मग काय, चुका दाखवायच्याच नाहीत?"

"दाखवा की! पण चूक सुधारायला बळ लागतं, सर. ते तिच्याकडे होतं. तुम्ही तिला दाखवलंच नाहीत."

सर तिच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विद्यार्थिनीची माफी मागितली. ती शिलाई मशीनवरून उठून उभी राहिली. "राग नाही, सर. पण फळा नुसता आठवला तरी तोंडून शब्द फुटत नाही."

ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात आपली चूक सांगितली. मागच्या बाकावरून एक जण उठून म्हणाला, "सर, हसलो तर आम्हीच होतो."

त्या आठवड्यापासून अख्खा वर्ग बाईंच्या तासाला जाऊ लागला. सरही शेवटच्या बाकावर बसू लागले.

मित्रहो, खोट काढायला डोळे पुरतात. गुण ओळखायला माया लागते. आणि तो गुण वेळेवर सांगावा. एकदा मिटलेलं तोंड आपल्या पश्चात्तापानं उघडेलच, असं नाही.