तीन खऱ्या, चौथी खोटी

भुताची गोष्ट कशी लिहावी असं कुणी विचारलं की शमिका एकच सांगायची: तीन गोष्टी खऱ्या सांगा, चौथी खोटी. पहिल्या तीन ओळखीच्या निघाल्या की चौथी माणूस न चावता गिळतो. एवढ्या भांडवलावर तिने देवरूखजवळच्या आपल्या वाडीत बसून भुतांच्या गोष्टींचं चॅनेल उभं केलं होतं. मुंबईतले चाकरमानी ते ऐकायचे आणि गावी फोन करून दारं लावून घ्या म्हणून सांगायचे.

‘सातविणीखालची’ ही तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट. विहिरीजवळचं सातविणीचं झाड खरं. डावा पाय ओढत पाण्याला येणारी विधवा खरी. तिचं स्वतःशी पुटपुटणंही खरं. चौथी गोष्ट शमिकाच्या डोक्यातली: ती बाई ज्या पाळण्यात वाकून बघते, तो रिकामा होतो. नाव बदललं होतं म्हणा. पण नाव बदलून पाय कुठे बदलतो? पाय ओढत पाण्याला जाणारी विधवा वाडीत एकच होती, हौसाकाकी, आणि लहानपणी शमिकाला फणसाच्या आठळ्या भाजून देणारीही तीच. तिला उचलून गोष्टीत घालताना शमिकाला काडीचीही लाज वाटली नाही. लिहिणाऱ्यांची जातच निलाजरी.

वैशाखात शेजारच्या सुजयचं सोळा दिवसांचं बाळ गेलं. फुप्फुसं कच्ची होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुजयला ते पुरेना. फुप्फुसांवर कुणाला राग काढता येतो? तो आठ दिवस मोबाइल कानाला लावून शमिकाची तीच एक गोष्ट ऐकत बसला. बारशाला हौसाकाकी आली होती आणि कौतुकाने पाळण्यात वाकली होती, हे त्याला चौथ्या दिवशी आठवलं.

नवव्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून शमिका धावली. काकीच्या अंगणात पंधरा-वीस माणसं होती. दारात उतारा मांडलेला: नारळ, लिंबू, गुलाल आणि मान कापलेला कोंबडा, अजून पाय झाडणारा. उतारा जो ओलांडेल त्याला बाधा लागते, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. पण सुजय त्या घाईत तो ओलांडूनच आत घुसला होता आणि काकीला केसांना धरून बाहेर फरफटत आणत होता.

“कोण हायस तू?” त्याने विचारलं.

“हौसा,” काकी म्हणाली.

त्याने हातातला दांडा तिच्या डाव्या पायावर घातला. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, आणि या वेळी दांडा तोंडावर बसला. दोन दात गुलालात पडले. तिसऱ्यांदा तिने नाव सांगितलं ते रक्ताच्या गुळणीतूनच. बिचारीकडे दुसरं नाव होतं कुठे?

शमिका गर्दीत घुसली. ती गोष्ट आपण रचली आहे, पाळण्याचं सगळं साफ खोटं आहे, असं तिने घसा फोडून सांगितलं. सुजयच्या मेहुण्याने, सागरने, तिला बाजूला ढकललं. काकीनेच तुला भुलवून लिहायला लावलंन, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि ते सगळ्यांना पटलं. तेवढ्यात सुजयने दांडा सागरच्या हातात दिला आणि कमरेची कोयती काढली.

आता काकी मरणार, हे शमिकाला दिसलं. आणि तिची तिलाच शिसारी यावी इतकं तिचं डोकं थंड झालं, लिहायला बसल्यावर व्हायचं तसं. तिने आवाज खाली आणला. गोष्टी सांगतानाचा तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. अंगण गप्प झालं.

“उतारा दारात मांडलेला,” ती म्हणाली. “एकच माणूस तो ओलांडून आत गेला. त्याच्या पायाला कोंबड्याचा रक्त लागलाय, बघा.”

सगळ्यांनी सुजयच्या पायाकडे पाहिलं. सुजयनेही पाहिलं.

“काकीत आता काय नाय. ता सुजयमध्ये गेलाय.”

कोयती त्याच्या हातातून गळून पडली. “शमिकाताय, असा नको सांगू,” तो म्हणाला, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच रडू लागला. ते रडणंही लोकांना खूण वाटली.

पहिला दांडा सागरने घातला. “कोण हायस तू?” त्याने विचारलं. सुजयने सुजय म्हणून सांगितलं, आणि त्याच्या कानशिलावर दुसरा बसला. मग कुणी लाथ घातली, कुणी दगड उचलला. त्याची बायको कुंपणाशी उभी होती, पोलकं दुधाने भिजलेलं. ती पुढे झाली नाही. हेही खोटं आहे, हेही मीच रचलंय, असं शमिका ओरडत राहिली. तिने त्याच्या अंगावर पडून दोन दांडे पाठीत घेतले, तेव्हा लोकांनी तिला हाताला धरून, अगदी जपून, दूर बसवलं. त्याला बाधा झालीय, तिने जवळ जाऊ नये, असं सागरने तिला समजावलं.

पोलीस आले तोवर सुजयचा एक डोळा गेला होता.

दुपारी दवाखान्यात दोघांच्या खाटा एकाच खोलीत होत्या, मध्ये हिरवा पडदा. शमिका काकीच्या उशाशी बसली. काकीने तिचा हात धरला.

“गेला ना गो बाय माज्यातसून?”

शमिकाला हुंदका आवरेना. तुझ्यात कधीच काही नव्हतं, मी खोटं लिहिलं, तुझा पाय चोरला, असं तिने सगळं कबूल केलं. काकीने सुजलेल्या तोंडाने नकार दिला.

“खोटा कसा? पाय माजाच होता. सातवीण पन हाय. माज्यामुळंच गेला ता बाळ.” ती थरथरत होती. “गेला ना आता?”

शमिकाने पडद्याकडे पाहिलं. पलीकडे हालचाल नव्हती.

“गेला, काकी,” ती म्हणाली.

काकीची थरथर थांबली. थोड्या वेळाने पडद्यापलीकडून सुजयने परिचारिकेला हाक मारली आणि आपले हात खाटेला बांधून ठेवायला सांगितले.