मागे उभी राहणारी

शाळेच्या बसचा मधला आरसा व्हर्ना स्टॅम्परने स्वतःच्या हाताने वाकवून घेतला होता. त्यात अगदी शेवटचा बाक दिसायचा.

चर्चच्या जेवणात मिस्टी कॉडिलने आणलेलं केळ्याचं पुडिंग व्हर्नाने घेतलं नाही. झाकण आधीच कुणीतरी उघडलं होतं.

बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टावर मॅट अंथरल्या की दोन मॅटमधली चिकटपट्टी टाचेने दाबायची. हाताने दाबलेली पट्टी सुटते.

मुलीला वर फेकायच्या आधी ट्रेंट मोजतो: वन, टू, डाउन, अप.

ब्रिन्ली कॉडिलच्या उजव्या कोपरात आता स्क्रू आहेत.

“मिस व्हर्ना, उठा आता. सगळ्या पट्ट्या मी स्वतः बघितल्यात.”

“तू बघितल्यास म्हणून परत बघतेय.”

व्हर्ना मॅटवर गुडघे टेकून बसली होती. निळ्या मॅट जोडून जोडून अर्धं कोर्ट झाकलेलं. पट्टी कुठेच सुटलेली नव्हती, मॅट सरकलेली नव्हती. तिने एका ठिकाणी नख घालून पाहिलं, मग दुसऱ्या ठिकाणी.

“ब्रिन्ली मॅटच्या बाहेर गेली कशी मग?” ती म्हणाली. “वर फेकलेली सरळ खाली येते.”

“सरळ फेकली तर,” ट्रेंट म्हणाला. तो मागच्या ऑगस्टमध्ये लेक्सिंग्टनहून चिअरलीडिंगचा मुख्य प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हापासून व्हर्ना त्याच्या हाताखाली होती. व्हर्नाच्या मते त्याचे दात जरा जास्तच पांढरे होते.

फेकायची रीत अशी. दोन मुली मनगटं एकमेकींत अडकवून पाट करतात, त्या खालच्या. तिसरी त्या पाटावर चढते, ती वरची. चौथी पाठीशी उभी राहते, ती मागची. वरचीला कमरेतून रेटायचं आणि उतरताना खांद्यांखाली झेलायचं, हे मागचीचं काम. म्हणून वरची पडली की आधी मागचीला विचारतात.

व्हर्ना शाळेत असताना मागची होती. पुढे या डोंगराळ भागात शिकवायला कुणी यायला तयार नव्हतं, तेव्हा सकाळी बस चालवून संध्याकाळी तिनेच पथक सांभाळलं. मागचीने वरचीवर कधी भरवसा ठेवायचा नसतो. ती पडणारच आहे असं धरून उभं राहायचं असतं. बाकीचं आयुष्यही व्हर्ना तशीच उभी राहिली. नवरा खाणीतून उशिरा आला की ती त्याच्या बुटांचे तळ बघायची. कोळसा असायचाच. तरी बघायची.

मंगळवारी ब्रिन्ली पडली तेव्हा व्हर्ना तिथे नव्हती. एका मुलीचा घोटा सुजला म्हणून कँटीनमधून बर्फ आणायला गेली होती. परत आली तेव्हा ब्रिन्लीची आई मिस्टी मॅटवर बसून ओरडत होती, आणि मागची, म्हणजे नववीतली जोसी फुगेट, भिंतीला पाठ लावून उभी होती.

गुरुवारपर्यंत गावाने ठरवून टाकलं. जोसीला स्वतः वर जायचं होतं. जोसीने मुद्दाम हात काढले. किराणा दुकानातल्या बाईने तर दोघींचं कुठल्या मुलावरून भांडण होतं तेही शोधून काढलं. मिस्टीने ट्रेंटला निरोप धाडला: शुक्रवारी सगळ्यांसमोर सांग, ती पोरगी पथकात राहणार की नाही. शनिवारी विभागाची स्पर्धा होती. जोसी एकदा निघाली की या गावात तिला परत कुणी कुणाच्या मागे उभं करणार नव्हतं.

व्हर्नालाही जोसीचा संशय होता. तिला मॅटचाही होता, ट्रेंटचाही होता.

बसमधून जोसी रोज सगळ्यात शेवटी उतरते. गुरुवारी व्हर्नाने दार उघडलंच नाही.

“कुठे बघत होतीस तू?”

“तिच्याकडेच.”

“खरं सांग, पोरी. मी रोज आरशात बघते तुला. अर्धा वेळ खिडकीबाहेर असतेस.”

“बसमध्ये. मॅटवर नाही.” जोसीने दप्तर पोटाशी धरलं. “तिचा एकच पाय पाटावर होता. दुसरा यायचा होता, आणि ‘डाउन’ ऐकू आलं.”

“ट्रेंटने मोजायला घेतलं होतं?”

“नाही ना. वन नाही, टू नाही, नुसतंच डाउन. आमचे गुडघे वाकले. वाकले की आम्ही फेकतोच, मिस व्हर्ना. थांबताच येत नाही. ती एका पायावर होती, वाकडी गेली.”

“ट्रेंटचा आवाज होता?”

“बाईचा होता.” जोसी दाराकडे बघत राहिली. “मला वाटलं, तुमचा.”

“मी बर्फ आणायला गेले होते.”

“ते मग कळलं.”

“आणि हे तू कुणाला बोलली नाहीस?”

“बोलले की. ब्रिन्लीची आई म्हणाली, आता दुसऱ्यांवर ढकलतेय बघा.”

व्हर्नाने दार उघडलं. जोसी उतरून चढाच्या वाटेला लागली. रिकाम्या बसमध्ये व्हर्ना एकदा मोठ्याने म्हणाली, “डाउन.” मग परत म्हणाली.

तिच्या वेळी या शब्दाचा अर्थ होता: तोल जातोय, हिला खाली घ्या. तिने प्रत्येक मुलीला तोच शिकवला होता. ट्रेंटने तोच शब्द मोजणीत घातला: डाउनला गुडघे वाकवा, अपला फेका. ऑगस्टमध्ये तिला ते खटकलं होतं. ती तसं म्हणालीही होती. पण तिला सगळंच खटकतं, तेव्हा ट्रेंट हसला, आणि ती दुसऱ्यांदा काही बोलली नाही.

आता ‘डाउन’ म्हटलं की हिला खाली घेतील, असं कुणाला वाटेल? व्हर्नाच्या हाताखाली शिकलेल्या बाईलाच. तशी बाई सरावाच्या वेळी बाकांवर रोज एकच बसायची.

शुक्रवारी कोर्टालगतच्या चढत्या बाकांवर आईबाप जमले. ट्रेंटने घसा साफ केला, तेवढ्यात व्हर्ना म्हणाली, “आधी या तिघींना जागेवर उभं राहू दे.” खालच्या दोघी समोरासमोर आल्या, मनगटं अडकवली. जोसी त्यांच्या मागे. वर कुणी नव्हतं.

“आता हे काय नवीन?” मिस्टी म्हणाली. “तुम्ही मॅट हुंगल्यात म्हणे काल. काही सापडलं?”

दोनचार जण हसले.

“नाही सापडलं. मिस्टी, तू माझ्या पथकात वरची होतीस ना?”

“होते की. सरावात तुम्हीच मागे उभ्या राहायचात, मला एकदाही पडू दिलं नाहीत. तेच तर म्हणतेय मी. मागची अशी असावी लागते.”

“तुझा तोल गेला की आपण काय ओरडायचो?”

“आता ते कशाला?”

“या पोरींना ऐकू दे. तेव्हा ओरडायचीस तसंच ओरड.”

मिस्टीने शेजारणीकडे बघून डोळे फिरवले. म्हाताऱ्या बाईचं मन राखायचं म्हणून ती पुढे वाकली, तोंडाशी हात धरले.

“डाउन.”

तिन्ही मुलींचे गुडघे वाकले. लगेच तिघींचे रिकामे हात वर गेले.

हात वरच राहिले. मग त्या तिघींनाच लाज वाटल्यासारखी झाली आणि त्यांनी ते सावकाश खाली घेतले.

मिस्टीचे हात अजून तोंडाशी होते.

“तिचा पाय थरथरत होता,” ती म्हणाली. “मी... मी तिला खाली घ्यायला सांगत होते.”

“माहीत आहे,” व्हर्ना म्हणाली. “मीच शिकवलंय तुला.”

ट्रेंट बोलायला लागला. जोसी पथकात राहील, आणि सोमवारपासून मोजणीत दुसरा शब्द. त्याचं अर्धं कुणी ऐकलं नाही. सगळे मिस्टीकडे बघत होते. कालपर्यंत जोसीकडे बघत होते, तसेच. मिस्टीच्या शेजारच्या बाईने दोघींच्या मधली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि हातभर सरकून बसली.

व्हर्ना बाक चढून वर गेली. गुडघे दुखत होते, वेळ लागला. त्या मोकळ्या झालेल्या जागेत ती मिस्टीला लागून बसली आणि बाकीच्यांकडे, एकेकाकडे, बघत राहिली.

मंगळवारी ब्रिन्लीचं कोपर लाकडावर आपटलं होतं. डोकं आपटलं नव्हतं. डोक्याखाली जोसीचा तळहात होता.