भुकेला कोळसा

वाळवंटातल्या नफ्ता गावच्या खजूरबागेत, बांधाच्या त्या कोपऱ्यात, आता दोनच माणसं उरली होती. दलांदा आणि तिचा शेजारी तिजानी. बाकीचे बाग सोडून गेलेले, त्यांची झाडं कोरडी ठक्क उभी. आणि या दोघांत सात महिने अबोला! म्हणजे बघा, उरले दोन, तेही मुके.

झालं काय, दलांदा झावळ्या खड्ड्यात जाळून कोळसा करायची. तो मातीत ओल धरतो, खारटपणाही कमी करतो. तिजानीने मागितला, तिने गोणीभर दिला. पण कोळसा भुकेला असतो. आधी शेळीच्या लेंडीखतात महिनोन्‌महिने मुरवून त्याचं पोट भरावं लागतं, नाहीतर तो जमिनीतलाच कस खातो. तिजानीने तो तसाच वाफ्यात कालवला. त्याची मुलूखियाची पालेभाजी पिवळी पडली, मग वाळली. ही भाजी त्याची बायको लावायची, ती वारल्यावरही त्याने वाफा मोडला नव्हता.

त्या दिवसापासून तो पाणी घ्यायला आला की मान खाली. दलांदाला वाटे, मुरवायचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. सांगितलं होतं का? काही केल्या आठवेना. दुपारी ती एकटीच बसून भाकरी मोडायची आणि बांधापलीकडे त्याचं खोकणं ऐकायची. कोणीतरी आहे, एवढंच काय ते सुख.

पण ती हात बांधून बसली नाही. कोळसा कुटला, लेंड्या, लसूणघास, पालापाचोळा थरावर थर घातला, पाणी मारलं, दर पंधरा दिवसांनी उकरून पालटला. खजूर उतरून झाले तेव्हा खत काळंभोर, भुसभुशीत झालं होतं. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि बांध ओलांडला.

तिजानी वाफ्याशीच बसला होता.

"भाऊ, आता तरी बोल. चूक माझी झाली. मुरवायचं सांगायला विसरले मी."

तो दचकला. "विसरलीस? दलांदा, तू दोनदा सांगितलं होतंस! मलाच दम निघाला नाही. म्हटलं, माझी पाण्याची पाळी आलीये, खतात मुरवत कोण बसतंय. मग तुला तोंड कसं दाखवणार? मला वाटलं, तू रागावलीस."

दलांदाने पाटी खाली ठेवली. "मी? मी रागावले?"

"आता काय उपयोग. शुक्रवारी पोरगा मला न्यायला येतोय, शहरात, स्फाक्सला. इथे एकट्याने राहवत नाही, असं मीच त्याला कळवलं."

एकटा! दहा पावलांवर दलांदा रोज बसलेली असताना.

"भल्या माणसा," ती रडत ओरडली, "भांडायला तरी यायचंस!"