डोळे उघडे ठेवून

पुढे सरका, सतरंजी मोठी आहे. भंतेजींनी आत्ताच विडा तोंडात टाकलाय, त्यांचं जातककथेचं गाणं सुरू व्हायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. याच विहाराच्या आवारातली आहे. तीत रक्त फार आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

हिया क्वांगने टाचणीच्या टोकाने मोडक्या कॅमेऱ्याच्या स्क्रूच्या खाचेतलं वाळलेलं रक्त खरवडून काढलं आणि मगच पेचकस लावला.

"कुणाचं हे?"

"माझं नाही," थोंगबाय म्हणाला. "त्या सुरिन गावच्या पोराचं. रिंगणाच्या दोरांमधून उलटा आला. कॅमेरा लोखंडी खांबावर, मी कॅमेऱ्यावर आणि तो माझ्यावर."

"वाचला का?"

"नाक गेलं त्याचं. पुढच्या महिन्यात परत उभा राहतोय."

हियाने कॅमेऱ्याचं वरचं झाकण उचलून आत पाहिलं आणि ते तसंच परत ठेवलं. कोराटच्या बाजारपेठेत त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान दोन पिढ्यांचं होतं. दुरुस्ती होणार नाही हे तो गिऱ्हाइकाला तोंडाने कधी सांगत नसे. वस्तू कागदात गुंडाळायला घेई. त्याने कागद घेतला.

थोंगबायने मांडीवरचा चौकड्यांचा पंचा सोडला. आत तीन भिंगं होती: एक जवळचं रुंद दाखवणारं, एक मधलं आणि एक लांबचं. तीस वर्षं बॉक्सिंगच्या रिंगणाच्या कडेला उभं राहून त्याने हीच वापरली होती. त्यांच्या पितळी कडांवरचा काळा रंग बोटांनी झिजून गेला होता. अंधारात हात लावला तरी कुठलं कडं किती फिरवलं की किती अंतरावरचा माणूस स्पष्ट होतो, ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

"भिंगांना काही झालं नाही ना?"

"नाही. पंच्यात होती."

"मग नवी बॉडी हवी, भिंगाशिवायचा नुसता कॅमेरा. पण ही कड्याने आवळायची भिंगं. माझ्याकडे चांगल्या बॉड्या खूप आहेत, त्यांना ही बसायची नाहीत. बसतील अशा तीनच."

"आजच हवी. तीन वाजता विहाराच्या जत्रेत खेम उभा राहतोय."

खेम थोंगबायचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा. दहाव्या वर्षी थोंगबायने स्वतःच त्याला सावांग मास्तरांच्या आखाड्यात नेऊन सोडलं होतं.

हियाने तिन्ही बॉड्या काचेवर मांडल्या. पहिली नवी, बॅटरीवरची. थोंगबायने मधलं भिंग चढवलं, कडं आवळलं, बटण दाबलं आणि मान हलवली. "बोट आणि आवाज यांच्यात फट आहे. एवढ्यात माणूस खाली पडून दहा आकडे मोजूनसुद्धा होतील." दुसरी हुबेहूब त्याच्या मोडक्या कॅमेऱ्यासारखी. ती हातात घेताच त्याचा चेहरा सैलावला. हियाने मागचं दार उघडून ती उजेडाकडे धरली. शटरच्या काळ्या कापडातून सुईएवढे चार ठिपके चमकले.

"हे चार ठिपके प्रत्येक फोटोत येतील. मी तुला विकणार नाही."

तिसरी जुनी होती, जड. थोंगबायने भिंग चढवून डोळा लावला आणि म्हणाला, "अंधारं दिसतंय की."

"दिसणारच. हिचा आरसा काचेचा नाही, पापुद्रा आहे, कांद्याच्या सालीसारखा. थोडा उजेड तुझ्या डोळ्याला देतो, बाकीचा फिल्मला. म्हणून तो हलत नाही. बटण दाब."

थोंगबायने दाबलं. समोर हियाचा चेहरा होता, तो तसाच राहिला. हियाने जीभ काढून दाखवली, तीही दिसली.

"डोळ्यापुढे काळं होत नाही," थोंगबाय म्हणाला.

"नाहीच होत. तुझ्या जुन्यात आरसा वर जायचा, आणि बरोबर फोटोच्या क्षणी तू आंधळा."

"तसंच असतं ते. नव्या पोरांना मी पहिलं तेच शिकवतो. टोला डोळ्याने दिसला, तर समजायचं फोटो हुकला."

हिया हसला. "म्हणजे तीस वर्षांत तू एकही टोला पाहिलेला नाहीस."

"कागदावर पाहिलेत की."

"ते बघ, त्यातलाच एक." हियाने भिंतीकडे हनुवटी केली. तिथे थोंगबायचा सगळ्यात गाजलेला फोटो वीस वर्षं टांगलेला होता. एकाचा कोपर दुसऱ्याच्या डाव्या कानशिलावर बसलेला, घामाचे थेंब हवेत, आणि मार खाणाऱ्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे. खाली जिंकणाऱ्याचं नाव छापलं होतं. "गिऱ्हाइकं विचारतात, हा कोण एवढा छातीचा? टोला येतोय आणि पापणी लवत नाही."

"असेल कुणीतरी. त्याच आठवड्यात गेला तो, दवाखान्यात."

"आणि नाव?"

थोंगबायने भिंगाच्या मागची बारीक दांडी बोटाने दाबून पाहिली. ती नीट मागेपुढे होत होती. "नाही आठवत," तो म्हणाला. "हीच दे. आज लढत उजेडातली आहे, अंधारं असलं तरी चालेल."

थोंगबाय विहारात पोचला तेव्हा प्रवचनाचा मंडप भरला होता. नुआन, त्याची बायको, पहिल्या रांगेत पाय एका बाजूला मुडपून बसली होती. तिने एकही लढत कधी पाहिली नव्हती. खेम खेळायचा तेव्हा ती भंतेजींचं गाणं ऐकायची.

"मिळाला का कॅमेरा?"

"मिळाला. आज कुठला अध्याय आहे?"

"दानशूर राजपुत्र स्वतःची मुलं दान देतो, तो." तिने त्याच्या खांद्यावरचा पंचा सारखा केला. "लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी खेमने भातावर मासळीचं पाणी ओतायला बाटली उचलली आणि सगळी धार वाडग्याच्या डावीकडे चटईवर सोडली. नुआनने चटई पुसली. खेम उठून गेल्यावर ती म्हणाली होती, "याचं काहीतरी बिघडलंय. तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर उभे असता. थांबवा."

"झोपेत होता तो. मी जवळून बघतो ना. घरात लावलेला त्याचा फोटो बघ, लाथ येतेय तरी डोळा मिटत नाही त्याचा. वाघ आहे."

"मला फोटोतलं कळत नाही. तुमचे डोळे त्याच्यावर आहेत, म्हणून मी इथे बसू शकते. वचन द्या."

"दिसलं तर थांबवीन," थोंगबायने बुद्धमूर्तीपुढे हात जोडून सांगितलं होतं.

रिंगणाच्या कडेला तो नेहमीच्या जागी, खेमच्या निळ्या कोपऱ्याच्या बाजूला कोपर टेकून उभा राहिला. सनई सुरू झाली. खेमने गुरूला वंदन केलं, चारही कोपऱ्यांना नमस्कार केला, डोक्यावरचं पवित्र कडं सावांग मास्तरांनी उतरवून घेतलं. समोरचा बुरीराम गावचा होता, बुटका, पोलादी मानेचा. मागून कुणीतरी ओरडलं, "ए बुटक्या, त्याच्या बापाकडे बघून हस, फोटो निघतोय." लोक हसले. बुटकाही हसला.

पहिल्या फेरीत दोघांनी एकमेकांच्या मांड्यांवर लाथा मोजल्या. ओल्या पोत्यावर दांडकं हाणावं तसा आवाज. दुसऱ्या फेरीत बुटका आत घुसला. त्याने खेमची मान दोन्ही हातांत कवळली आणि गुडघा बरगड्यांवर घातला, एक, दोन, तीन. खेमच्या तोंडातून थुंकीची तार बाहेर आली. खेमने उजवा कोपर फिरवला आणि बुटक्याची भुवई फाटली. रक्त चटईवर टपटपलं, लोक हाताच्या बोटांनी पैजांच्या खुणा करत उठून उभे राहिले.

थोंगबायच्या डाव्या हाताचं बोट कड्यावर होतं. फोकस तो नेहमी एकाच जागी धरायचा: मार खाणाऱ्याच्या डोळ्यावर. हात लांब झाला की बटण. एवढी वर्षं बटणाबरोबर डोळ्यापुढे काळं यायचं, आणि उजेड परत यायचा तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. आज काळं आलं नाही.

त्याने पाहिलं. बुटक्याची उजवी मूठ निघाली, खेमच्या डाव्या गालाकडे आली, आणि खेमचा डोळा तसाच उघडा राहिला. खांदा वर आला नाही. मान आत गेली नाही. मूठ बसली आणि गाल हाडावरून सरकला, तेव्हा कुठे खेम दचकला.

मंडपाच्या कर्ण्यावरून भंतेजींचा सूर आला. गोष्टीतला म्हातारा ब्राह्मण दान मिळालेल्या दोन्ही लेकरांचे हात वेलीने बांधत होता.

थोंगबायने फिल्म पुढे ओढली. बुटक्याने डाव्या पायाची लाथ घातली, खेमच्या उजवीकडे. खेमची पापणी मिटली, खांदा चढला, लाथ दंडावर झेलली गेली. थोंगबायने श्वास सोडला. मग बुटका परत दुसऱ्या बाजूने आला. कोपर. डोळा उघडा. कोपर कानशिलावर बसला, चामडी फुटली, घामाचे थेंब हवेत उडाले. त्या अंधाऱ्या चौकटीत थोंगबायला मुलाचा उघडा डोळा इतका स्पष्ट दिसला, की डोळ्यातली रिंगणाच्या दोराची सावलीही दिसली. दोर होता. त्या डोळ्यासाठी कोपर नव्हताच.

"पोरगं दगडाचं आहे," सावांग मास्तर वरून म्हणाले. "बघ बघ, डोळा मिटत नाही."

"मास्तर, त्याला डावीकडचं दिसत नाही."

"काय?"

"दिसत नाही त्याला. थांबवा."

"तू फोटो काढ. मी तुला कॅमेरा शिकवायला येतो का?"

फेरीची घंटा झाली, तिसरी सुरू झाली. बुटक्यालाही आता समजलं होतं. तो हसत नव्हता; फक्त एकाच बाजूने येत होता. मूठ, कोपर, मूठ. खेम प्रत्येक वेळी टोल्यानंतर दचकत होता, आणि रिकाम्या हवेत ठोसे घालत होता. त्याच्या कानातून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत आला. कर्ण्यावर म्हातारा लेकरांना बापाच्या डोळ्यांदेखत वेलीने मारत होता, आणि मंडपातल्या बायका दरवर्षीसारख्या रडत होत्या.

थोंगबायने कॅमेरा खाली ठेवला. खांद्यावरचा पंचा, भिंगांचा तो चौकड्यांचा पंचा, त्याने ओढून काढला आणि हार मानल्याची खूण म्हणून दोरांवरून आत फेकला. तो पंचांच्या पायाशी पडला. पंचांनी निळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मास्तर नाही-नाही म्हणून हात हलवत होते. थोंगबाय तोवर दोरांतून वर चढला होता. तो दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. बुटक्याची निघालेली मूठ त्याच्या मानेवर बसली आणि तो गुडघ्यांवर आला, पण त्याने खेमचा पाय घट्ट धरून ठेवला.

पंचांनी लढत थांबवली. बुटक्याचा हात वर केला.

मग बाटल्या आल्या. एक थोंगबायच्या कपाळावर फुटली. खाली उतरला तसं कुणी सदरा धरला, कुणी पोटात लाथ घातली. "म्हाताऱ्या, जिंकत होतं पोरगं." सावांग मास्तरांनी त्याला गर्दीतून ओढून काढलं आणि मग स्वतःच त्याच्या तोंडावर दोन थपडा दिल्या. "सतरा वर्षं घडवला मी त्याला. सतरा वर्षं. तू एका मिनिटात विकलास."

थोंगबायने रक्त पुसलं नाही. तो विहाराच्या भिंतीला लागून असलेल्या तंबूत गेला.

खेम बाकावर बसला होता. एक म्हातारी दाई त्याच्या कानशिलाला टाके घालत होती. कनातीपाशी नुआन उभी होती. गाणं अर्धं टाकून आलेली. थोंगबाय खेमच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर जाऊन थांबला.

"कुठे आहे तो?" खेम समोर बघत म्हणाला. त्याचा आवाज रडल्यासारखा फाटला होता. "लाज काढली सगळ्यांपुढे. मला विचारायचं तरी. तोंड लपवून बसलाय कुठे? सांगा त्याला, समोर ये म्हणावं."

दाईची सुई थांबली. तिने थोंगबायकडे पाहिलं, मग खेमच्या डोळ्याकडे.

नुआन पुढे आली. तिने नवऱ्याचा कोपर धरला, त्याला बाकाला वळसा घालून नेलं आणि खेमच्या उजव्या बाजूला उभं केलं.

खेमने मान वळवली. बापाचं फुटलेलं कपाळ पाहिलं.

"आत्ता आलात होय," तो म्हणाला.

नुआनने पदराने मुलाच्या गळ्यावरचं रक्त टिपलं. डावीकडचं, अगदी सावकाश. तिचा हात गालाला लागला तेव्हा तो दचकला.

पुढच्या आठवड्यात थोंगबाय हियाच्या दुकानात गेला. कॅमेरा परत द्यायला आलाय असं हियाला वाटलं. पण त्याने स्टूल ओढलं, चढून भिंतीवरचा तो फोटो उतरवला, काचेवर ठेवला आणि भिंग डोळ्याला लावून त्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग खिशातून चिठ्ठी काढली. पाच गावं हिंडून, जुन्या आखाड्यांत विचारून आणलेली. जिंकणाऱ्याच्या नावाच्या वर त्याने शाईने एक ओळ लिहिली आणि फोटो परत टांगला.

ती ओळ मी वाचलेली आहे. त्याचं नाव येन होतं. नोंग साई गावचा, एकवीस वर्षांचा, घरी म्हातारी आई. भंतेजी आता गायला बसतील. पुण्य वाटायचं पाणी ओताल ना, तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्यालाही एक धार सोडा. येन.